द्राझा मिहायलोविच: थांबून लढण्याचं गणित नेमकं कुठे फसलं?

डोंगरवाट

युगोस्लाव्हिया म्हटलं की आपल्याकडे टिटोच आठवतो. डिसेंबर १९५४ मध्ये तो भारतात येऊन गेला, मग नेहरू-नासर-टिटो ही त्रयी झाली. महायुद्धाची हकीकतही आपल्यापर्यंत त्याच्याच, म्हणजे त्याच्या कम्युनिस्ट गनिमांच्या (पार्टिझनांच्या) बाजूने आली. त्याच डोंगरात, त्याच शत्रूविरुद्ध, राजाच्या नावाने उभ्या राहिलेल्या दुसऱ्या माणसाचं नाव मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतं. म्हणून हा धागा.

द्रागोल्युब उर्फ द्राझा मिहायलोविच. जन्म २७ एप्रिल १८९३, पश्चिम सर्बियातल्या इव्हानित्साचा. आईबाप लहानपणीच गेले, बेलग्रेडला काकांकडे वाढला. १९१० मध्ये लष्करी अकादमी, मग दोन्ही बाल्कन युद्धं, पहिलं महायुद्ध, १९१५ ची अल्बेनियाच्या बर्फातून झालेली माघार आणि ग्रीसमधली सलोनिका आघाडी. ही सलोनिका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३० च्या दशकात सोफिया आणि प्रागला लष्करी प्रतिनिधी होता. १९३९ मध्ये त्याने वरिष्ठांना अहवाल दिला: उत्तरेची सपाट सरहद्द राखणं जमणार नाही, सैन्य डोंगराळ मुलखात आणा, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन अशा वेगळ्या पलटणी करा, सरहद्दीवर गनिमी तुकड्या ठेवा. लष्करमंत्री मिलान नेदिच भडकला आणि त्याने याला ३० दिवस बराकीत बसवलं. हाच नेदिच पुढे जर्मनांच्या हाताखाली सर्बियाचा कारभारी झाला.

६ एप्रिल १९४१ ला जर्मनांचा हल्ला, १७ एप्रिलला शरणागती. मिहायलोविच तेव्हा बोस्नियात होता, त्याने शस्त्र ठेवायचं नाकारलं. ८० च्या आसपास माणसं घेऊन निघाला, द्रिना नदी ओलांडली, आणि मे महिन्यात सुवोबोर डोंगरावरच्या राव्ना गोरा पठारावर पोचला तेव्हा सोबत उरले ७ अधिकारी आणि २४ शिपाई-हवालदार. एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

माझा प्रश्न एवढाच. त्याची नीती होती थांबण्याची: माणसं जमवा, नावनिशी तयार ठेवा, दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं की एकदम उठा. ही नीती मुळातच चुकीची होती, की ती राबवायला लागणारा बाजारहाटच त्याच्याकडे नव्हता?

टिपणवही

वाचनखूण साठवली. दोन दुरुस्त्यावजा भर.

उच्चार: द्राझातला झ आपल्या ‘झाडा’तला नाही, इंग्रज ‘ट्रेझर’मध्ये म्हणतात तो. आणि मिहायलोविचच्या माणसांना म्हणतात ते ‘चेतनिक’, चेटनिक नव्हे. ‘चेता’ म्हणजे तुकडी, त्या तुकडीतला तो चेतनिक. तुर्की अमदानीपासूनचा शब्द. लोक मिहायलोविचला ‘चिचा’ म्हणत, म्हणजे काका. वय होतं ४८. तिकडे टिटोला पक्षात ‘स्तारी’ म्हणत, म्हणजे म्हातारबुवा. तो जेमतेम वर्षाने मोठा.

दुसरं, १९४१ मध्ये ‘चेतनिक’ नाव लावणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते. युद्धाआधीच्या चेतनिक संघटनेचा प्रमुख कोस्ता पेचानात्स उन्हाळ्यातच नेदिच आणि जर्मनांच्या बाजूला गेला. मिहायलोविचच्या फौजेचं पुढचं अधिकृत नाव ‘मायदेशातलं युगोस्लाव सैन्य’. कागदपत्रात नुसतं ‘चेतनिक’ दिसलं तर आधी विचारावं, कुणाचे? निम्मी भांडणं हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

कोयनाकाठ

डोंगरवाट, बाजारहाटाकडे जाण्याआधी हिशेब बघा. थांबण्याची नीती आकाशातून पडली नव्हती.

१९४१ च्या शरदात जर्मन जनरल ब्योमेचा हुकूम होता: एक जर्मन मारला गेला तर १०० ओलीस मारायचे, जखमी झाला तर ५०. हे धमकीपुरतं नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यात क्रालेव्होत सुमारे २,००० माणसं मारली. २१ ऑक्टोबरला क्रागुयेवाट्समध्ये २,७०० हून अधिक, त्यात शाळेतून उचलून आणलेली मुलंही. १० जर्मन मेले आणि २६ जखमी झाले, तर दर किती? १,००० अधिक १,३००, म्हणजे २,३००. क्रागुयेवाट्सला ज्या चकमकीचा सूड घेतला, तिचे आकडे नेमके हेच होते.

आता मिहायलोविचच्या जागेवरून पाहा. पहिल्या महायुद्धात सर्बियाची अख्खी पिढी गारद झाली होती, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सलोनिकाहून आघाडी फुटली आणि देश सुटला, हेही पाहिलं होतं. त्याच्या डोक्यात चित्र तेच: बाहेरून मोठं सैन्य येणार, तोवर बियाणं राखायचं.

टिटोचा हिशेब उलटा. गाव जाळलं की उरलेली पोरं डोंगरात येतात, म्हणजे भरती वाढते. क्रूर आहे, पण चालला.

आडवाटसरू

कोयनाकाठ, हे ‘बियाणं राखणं’ सप्टेंबर १९४१ मध्ये कुठे होतं? ३१ ऑगस्टला लोझ्नित्सा घेतलं ते चेतनिकांनीच, त्यात लेफ्टनंट कर्नल मिसिता पडला. त्या दोन महिन्यांत दोन्ही फौजा खांद्याला खांदा लावून लढत होत्या.

टिटो आणि मिहायलोविच दोनदा समोरासमोर बसले. १९ सप्टेंबरला स्त्रुगानिक गावी, पहिल्या महायुद्धातले सेनापती मिशिच यांच्या घरात. मग ऑक्टोबरच्या शेवटी ब्रायिचीला. उझित्सेचा रायफलींचा कारखाना पार्टिझनांच्या हातात होता, तिथल्या मालात वाटा द्यायचं ठरलं. एकत्रित कमांड मात्र कुणालाच नको होती. १ नोव्हेंबरच्या रात्री चेतनिकांनी उझित्सेवर चाल केली आणि मार खाल्ला.

११ नोव्हेंबरला मिहायलोविच दिव्त्सी गावी जर्मन अधिकाऱ्यांना भेटला. कम्युनिस्टांशी लढायला हत्यारं द्या, ही मागणी. जर्मनांचं उत्तर: बिनशर्त शरण या. हात हलवत परत. डिसेंबरच्या सुरुवातीला जर्मनांनी राव्ना गोरावर धाड घातली आणि मोहिमेचं नावच ‘मिहायलोविच’ ठेवलं. सेनापती मिशिच यांचा मुलगा मेजर अलेक्सांदर मिशिच पकडला गेला आणि गोळ्या घालून मारला गेला. मिहायलोविच निसटला. डोक्यावर २ लाख दिनारांचं बक्षीस लागलं.

म्हणजे एका महिन्यात तो जर्मनांकडे हत्यारं मागतो आणि पुढच्याच महिन्यात जर्मन त्याला हुडकत फिरतात. ज्यांना सरळ रेष हवी त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

जुनीपेटी

बाजारहाटाचं मी सांगते. ‘तो कोलॅबरेटर होता का’ या प्रश्नाचं उत्तर पुरवठ्याच्या यादीत सापडतं असं माझं मत.

गनिमी फौजेला काय लागतं? काडतुसं, मीठ, जोडे, औषध. बंदूक शत्रूकडून हिसकता येते, पण त्यासाठी शत्रूवर हल्ला करावा लागतो. थांबायचं ठरवलं की हा रस्ता बंद. मग माल येणार कुठून? ब्रिटिशांकडून? १९४२ मध्ये कैरोहून बाल्कनपर्यंत जाऊन परतू शकणारी विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जे पडलं ते फार थोडं.

मग उरले इटालियन. माँटेनेग्रो, हर्झेगोव्हिना, डाल्मेशिया त्यांच्या ताब्यात. त्यांना पार्टिझन नको होते आणि स्वतःची माणसं डोंगरात पाठवायची नव्हती. त्यांनी स्थानिक चेतनिक सरदारांना ‘कम्युनिस्टविरोधी स्वयंसेवक दल’ म्हणून पगारपत्रकावर घेतलं. फेब्रुवारी १९४३ पर्यंत दिलेल्या मालाचा त्यांचा हिशेब पाहा: ३०,००० रायफली, ५०० मशीनगन, १०० मॉर्टर, आणि ७ ते ८ हजार जोडी बूट. तीस हजार बंदुका आणि आठ हजार बूट! म्हणजे बाकीचे ‘ओपांकी’ घालून, म्हणजे कातड्याच्या वहाणांत, बर्फ तुडवत होते.

सर्बियात आणखी एक युक्ती होती. डिसेंबर १९४१ नंतर बऱ्याच तुकड्या नेदिचच्या दलात ‘कायदेशीर’ झाल्या. रेशन नेदिचचं, निष्ठा मिहायलोविचशी. कागदावर सुरेख. पण वर्षभर एखाद्याचा शिधा खाल्ला, त्याच्या हुकमाने पार्टिझनांवर गोळ्या झाडल्या, तर निष्ठा मनात कुणाशी आहे याला पलीकडच्या गावकऱ्याने किती किंमत द्यायची?

डोंगरवाट

जुनीपेटी, बुटांचा आकडा भारी. पण येव्हजेविच, ज्युयिच वगैरे सरदार इटालियनांशी बोलत होते, मिहायलोविच स्वतः नाही. त्याचा ताबा किती होता?

जुनीपेटी

तिथेच तर मेख आहे. जानेवारी १९४२ पासून तो लंडनमधल्या परागंदा सरकारचा लष्करमंत्री. हुद्दा मोठा, पण हाताशी काय? बिनतारी यंत्र आणि घोड्यावरचे जासूद. हर्झेगोव्हिनातला सरदार त्याचा पगार खात नव्हता, इटालियनांचा खात होता. हुकूम पटला तर मानायचा. त्याने हे सरदार कधी झिडकारले नाहीत, कारण झिडकारले असते तर सर्बियाबाहेर त्याच्या नावाची फौजच उरली नसती. ताबा नव्हता म्हणून दोष नाही म्हणायचं, तर मग त्याच फौजेचा आकडा लंडनला कळवताना तो आपला कसा होतो?

आणि त्याला माहीत नव्हतं हे चालणार नाही. २८ फेब्रुवारी १९४३, माँटेनेग्रोतलं लिपोवो गाव, एका बारशाचा समारंभ. ब्रिटिश कर्नल बेली समोर बसलेला. तिथे मिहायलोविच बोलून गेला की मदत मिळते ती इटालियनांकडूनच, आणि ब्रिटिश आमच्या रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू पाहतात. बेलीने शब्द न् शब्द वर कळवला. लंडनहून खरमरीत खलिता आला.

सह्यमित्र

मला तर हा पक्का गनिमी कावा वाटतो. शत्रूचंच धान्य खाऊन शत्रूला गाफील ठेवायचं. महाराजांनी नाही का वेळप्रसंगी तह केले?

टिपणवही

सह्यमित्र, उपमा मोहक आहे पण इथे लावू नका, धागा भलत्याच भांडणात जाईल. तह करून वेळ मिळवणं एक. इथे मिळालेली हत्यारं कुणावर चालली ते बघा. पार्टिझनांवर चालली, ते एक वेळ यादवी म्हणून सोडून देऊ. नि:शस्त्र मुसलमान गावांवर चालली, त्याचं काय?

डिसेंबर १९४१ पासून फोचा परिसरात, पुन्हा ऑगस्ट १९४२ मध्ये. सर्वात वाईट जानेवारी-फेब्रुवारी १९४३: संजाक आणि पूर्व बोस्निया, प्लेव्ल्या, चायनिचे, फोचा हे तालुके. मोहिमेचा सरदार पाव्ले ज्युरिशिच. त्याने १३ फेब्रुवारी १९४३ ला मिहायलोविचला पाठवलेला अहवाल शिल्लक आहे. त्यात शत्रूचे सुमारे १,२०० लढवय्ये आणि ८,००० ‘इतर’ मारल्याची नोंद आहे, आणि हे इतर म्हणजे बायका, म्हातारे, मुलं असं त्यानेच लिहिलंय. स्वतःची हानी: २२ ठार, ३२ जखमी. लष्करी अहवाल वाचायची सवय असलेल्याला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे. लढाईत असं प्रमाण येत नाही.

डिसेंबर १९४१ च्या ज्या ‘सूचनां’मध्ये मुलूख साफ करण्याची भाषा आहे, त्या कागदावर मिहायलोविचचं नाव असलं तरी तो खरा की ज्युरिशिचने रचलेला, यावर वाद आहे. वाद असू दे. फेब्रुवारीच्या अहवालाबद्दल तसा वाद नाही आणि ज्युरिशिचला हुद्द्यावरून काढलं गेलं नाही.

या कत्तलींना पार्श्वभूमी आहे: फॅसिस्ट उस्ताशांनी ‘स्वतंत्र’ क्रोएशियात सर्बांची केलेली कत्तल, यासेनोवात्सची छळछावणी. सूडाची आग खरी होती. पण सूड उगवला तो द्रिनाकाठच्या शेतकऱ्यांवर.

सह्यमित्र

मान्य. उपमा मागे घेतो.

आडवाटसरू

समतोल म्हणून नव्हे, नोंद म्हणून: मार्च १९४३ मध्ये पार्टिझनही जर्मनांशी बोलत होते. जिलास, वेलेबित आणि कोचा पोपोविच हे तिघे गेले होते. कैद्यांची अदलाबदल हा दर्शनी विषय, पण चेतनिक हाच मुख्य शत्रू हेही बोलून झालं. फरक इतकाच, की हिटलरने ते उडवून लावलं.

त्याच सुमाराला नेरेत्वा नदीवरची लढाई. चेतनिक पूर्व काठावर, हजारोंनी, पार्टिझन जखमींसह पश्चिमेला अडकलेले. टिटोने याब्लानित्साचा पूल आपणच उडवला, शत्रूला वाटलं हे दुसरीकडे वळणार, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडक्या पुलाच्या सांगाड्यावर फळ्या टाकून रात्री पार झाले. समोरचे चेतनिक फुटले ते फुटलेच. हजार ठिकाणचे सरदार, प्रत्येकाला आपलं खोरं प्यारं. लांब पल्ल्याला, एका हुकमाखाली, त्यांनी कधी लढाई केलीच नव्हती. थांबून थांबून हत्यार गंजतं तसं.

कोयनाकाठ

ब्रिटिशांनी पाठ का फिरवली, यावर दोन ओळी. एकतर जर्मन संकेत ते फोडून वाचत होते, आणि त्यात पार्टिझन किती जर्मन पलटणी अडकवून ठेवतात ते दिसत होतं. दुसरं, मे १९४३ अखेर डीकिन आणि सप्टेंबरात मॅक्लीन हे ब्रिटिश अधिकारी टिटोकडे उतरले, त्यांचे अहवाल कामाचे ठरले. मिहायलोविचची बाजू बिनतारीमुळेही मार खात होती. लंडनच्या त्याच्याच सरकारला पाठवलेला संदेश ब्रिटिशांच्या हातून जायचा. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत त्याने आपल्याकडच्या ब्रिटिश कॅप्टन हडसनला जवळजवळ वाळीत टाकलं, तेव्हा त्याच्याविषयी बाहेर जाणारा एकमेव तटस्थ आवाज त्याने स्वतःच बंद केला. हा शुद्ध अडाणीपणा.

अन्यायही झाला. ५ ऑक्टोबर १९४३ ला चेतनिकांनी व्हिशेग्राडचा मोठा रेल्वे पूल उडवला, ब्रिटिश ब्रिगेडियर आर्मस्ट्राँग साक्षीला होता. बीबीसीने श्रेय दिलं पार्टिझनांना. मग डिसेंबरात ब्रिटिशांनी कसोटी लावली: मोराव्हा आणि इबार खोऱ्यातले दोन रेल्वे पूल २९ तारखेपर्यंत उडवा. उडाले नाहीत. तेहरानच्या दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत निर्णय आधीच झाला होता, ही कसोटी म्हणजे लग्न मोडायचं ठरल्यावर पत्रिका बघण्यासारखी.

खलाशीबुवा

आता मूळ प्रश्नाला धरून उलटा पुरावा. थांबून राखलेलं हे जाळं एका कामाला अफाट उपयोगी पडलं: सर्बियातल्या प्रान्यानी गावाहून झालेली वैमानिकांची सुटका.

१९४४ मध्ये इटलीतून उडणारी अमेरिकन बॉम्बर विमानं रुमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलावर जात. जाता-येता फुटलेली सर्बियावर पडत. उतरलेल्या वैमानिकाला गावकरी लपवत, एका गावातून दुसऱ्या गावात पोचवत. उन्हाळ्यापर्यंत प्रान्यानीच्या आसपास शंभर-दीडशे गोळा झाले. आता इटलीला कळवायचं कसं? संकेतपुस्तक कुणाकडे नाही, साधा संदेश पाठवला तर जर्मन ऐकणार, आणि इटलीतल्यांना वाटणार हा जर्मनांचा सापळा. मग वैमानिकांनी तळावरच्या बोलीत संदेश रचला: पाठवणारा ‘मडकॅट ड्रायव्हर’, दीडशे यांकी युगोत, काही आजारी, ओझ्याची घोडी पाठवा. ओळख पटवायला विचारलेले प्रश्न असे, की उत्तर फक्त त्याच तुकडीतल्याला ठाऊक: अमक्याच्या गळ्यातल्या रुमालाचा रंग कोणता? हे कुठल्या संकेतयंत्रात बसणार!

ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकन हेरखात्याची तिघांची तुकडी उतरली: मुसुलिन, रायाचिच आणि बिनतारीवाला जिबिलियन. आधीच्या कित्येक रात्री विमान येऊन न उतरवता परत गेलं होतं.

धावपट्टी अशी: डोंगरमाथ्यावरचं गालोविचा पोल्याना हे कुरण. सी-४७, म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो ते विमान, उतरायला सुमारे ७०० यार्ड लागतात. तेवढं मिळालं, पण काटोकाट, एका अंगाला झाडी, दुसरीकडे कडा. यंत्र एकही नाही. सुमारे ३०० माणसं आणि ६० बैलगाड्या. दगड वेचायचे, खड्डे दगड-वाळूने भरायचे, टोकाची झाडं तोडायची. दिवसा जर्मन विमानांच्या नजरेत नांगरल्यासारखी पट्टी येऊन चालणार नाही, आणि जवळच चाचाकला जर्मन शिबंदी. म्हणून कडेने चेतनिकांचं कडं.

९ ऑगस्टच्या रात्री पहिली विमानं. दोन्ही बाजूंना उजेडाच्या खुणा, टोकाला पेटवलेलं गवत. अडचण उतरण्यात नव्हती तेवढी उडण्यात होती: आखूड पट्टी, मऊ जमीन, म्हणून एका विमानात १२ च माणसं घ्यायची असा नियम. सहा निघाली होती, चारच पोचली. रात्रीचा धोका जास्त ठरल्याने सकाळी सहा सी-४७ थेट उजेडात आली, वर मस्टँग लढाऊ विमानांचा पहारा. पहिल्या दोन खेपांत दोनशेहून अधिक माणसं गेली. विमानात चढताना अनेकांनी बूट आणि जाकिटं काढून खाली फेकली. जुनीपेटींनी बुटांचा हिशेब दिलाय, त्यात ही जमा धरा.

अशा खेपा डिसेंबर १९४४ पर्यंत चालल्या, शेवटची बोस्नियातल्या बोल्यानिचहून. थांबलेली फौज लढाईला निकामी झाली असेल, पण गावागावातलं जाळं शाबूत होतं म्हणूनच हे घडलं. जर्मनांची बक्षिसं होती, तरी गावकऱ्यांनी वैमानिक लपवले.

डोंगरवाट

खलाशीबुवा, लेख करा हो याचा.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं: थांबायला आसरा लागतो तो गावांकडून मिळाला, हत्यारं लागतात ती शत्रूकडून घ्यावी लागली. आणि ज्या उतरणीची वाट पाहिली ती बाल्कनमध्ये झालीच नाही. आलं ते लाल सैन्य, पूर्वेकडून.

आडवाटसरू

आणि राजानेही सोडलं. मे-जूनमध्ये मंत्रिपद गेलं, ऑगस्टअखेर सरसेनापतीचं कार्यालयच बरखास्त. १ सप्टेंबर १९४४ ला मिहायलोविचने सर्वत्र उठावाचा हुकूम दिला, ज्यासाठी तीन वर्षं थांबला तो. बारा दिवसांत, १२ सप्टेंबरला, राजा पेतार रेडिओवर आला: सगळ्यांनी टिटोच्या झेंड्याखाली या. राजाचं नाव हेच ज्या फौजेचं भांडवल, तिचं काय होणार? माणसं घरी गेली किंवा पलीकडे गेली. अमेरिकन कर्नल मॅकडॉवेल नोव्हेंबरात निघताना सोबत चला म्हणाला. हा गेला नाही.

हिवाळ्यात बोस्निया, प्रलापक ज्वर (टायफस), उपासमार. मे १९४५ मध्ये झेलेनगोरा डोंगरावर उरलीसुरली फौज कापली गेली, मुलगा व्होयिस्लाव त्याच काळात मारला गेला. मुलगी गोर्दाना टिटोच्या बाजूला होती.

१३ मार्च १९४६ ला पकडला. गुप्त पोलिसांनी त्याच्याच गार्ड तुकडीचा सरदार कालाबिच आधी ताब्यात घेतला आणि आपली माणसं चेतनिक वेशात पाठवली. कालाबिच कितपत सामील होता यावर सर्बियात अजून भांडतात.

टिपणवही

खटला १० जून ते १५ जुलै १९४६, बेलग्रेडला तोप्चिदेरमध्ये. सरकारी वकील मिलोश मिनिच, बचावाला योक्सिमोविच आणि जोनोविच. प्रान्यानीहून सुटलेले अमेरिकन वैमानिक साक्षीला यायला तयार होते, त्यांना येऊ दिलं नाही. शेवटच्या निवेदनातलं त्याचं वाक्य तिकडे म्हणीसारखं झालंय: खूप काही हवं होतं, खूप काही सुरू केलं, पण जगाच्या वादळाने मला आणि माझ्या कामाला उडवून नेलं. १७ जुलैला गोळ्या घातल्या. थडगं आजतागायत सापडलेलं नाही.

१४ मे २०१५ ला बेलग्रेडच्या उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सर्बियात मिठाई, बोस्निया-क्रोएशियात संताप. निकाल वाचताना एक ध्यानात ठेवावं: न्यायालयाने खटला राजकीय आणि अन्याय्य ठरवला. फोचात काय झालं, हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हताच.

सह्यमित्र

अमेरिकेने पदक दिलं होतं ना?

खलाशीबुवा

हो. लीजन ऑफ मेरिट, ट्रुमनने २९ मार्च १९४८ ला, मरणोत्तर. टिटोशी संबंध बिघडू नयेत म्हणून १९६७ पर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. २००५ मध्ये बेलग्रेडला गोर्दानाच्या हाती दिलं.

अवांतर: सुटलेल्यांचा आकडा कुठे ४१७ दिसेल, कुठे ५१२. दुसऱ्यात ४३२ अमेरिकन आणि ८० इतर दोस्तांची माणसं धरली आहेत. दोन्ही हिशेब अमेरिकन हेरखात्याच्या लोकांचेच, त्यामुळे उद्धृत करताना कुठला घेतलाय ते लिहा.